जन्मताच लुळा पडलेला हात : नस सुधारली, तरी स्नायू आखूड का राहतो?



गेल्या पावसाळ्यात पन्नाशीचे एक गृहस्थ रक्तदाब तपासायला दवाखान्यात आले. हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये हमाल म्हणून लागले होते, आता तिथंच मुकादम आहेत. उजव्या हाताचा रक्तदाब जास्त आला, म्हणून मी डावा हात पुढे करायला सांगितलं. ते जरा ओशाळले आणि म्हणाले, "तो पोलिओचा हात आहे जी."

मी हात नीट पाहिला. डावा दंड उजव्यापेक्षा बारीक. हात लांबीला चार बोटं कमी. कोपर पूर्ण सरळ होत नव्हतं. तोंडाकडे हात न्यायला सांगितलं, तर तुतारी वाजवणाऱ्यासारखं कोपर बाजूला वर उचललं जायचं. पाय मात्र दोन्ही ठणठणीत. मग विचारलं, ताप येऊन हात गेला का? तर नाही. आई सांगायची की जन्मापासूनच हात पडलेला होता. बाळ मोठं होतं, डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. सुईणीनं कसंबसं ओढून काढलं. वर्षभरात हात थोडा हलायला लागला, म्हणून घरच्यांनी देवाचे आभार मानले आणि विषय तिथंच संपला.

हा पोलिओ नव्हता. बाळंतपणात हाताच्या नसांना झालेली ती इजा होती. तसं सांगितल्यावर त्यांनी जो प्रश्न विचारला, त्यावरूनच हा लेख लिहितो आहे. ते म्हणाले, "हात तं हालते ना जी, मंग सीधा काहून होत नाही?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं बरंचसं उत्तर मिळायला वैद्यकशास्त्राला दीडशे वर्षं लागली. आज आपल्या आजूबाजूला असं बाळ जन्माला आलं, तर ते उत्तर त्याच्या आईवडिलांना माहीत असणं फार गरजेचं आहे.

आधी थोडी शरीररचना

मानेच्या मणक्यांमधून दोन्ही बाजूंना पाच-पाच जाड नसा निघतात. मानेतल्या चार आणि छातीच्या वरच्या टोकाची एक. गळपट्टीच्या हाडामागे त्या एकमेकींत गुंततात आणि मग हाताकडे जातात. या गुंत्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. खांदा उचलणं, कोपर वाकवणं, मूठ आवळणं, सगळ्याचे हुकूम इथूनच जातात.

बाळाचं डोकं बाहेर आलं आणि खांदा आईच्या हाडामागे अडकला, तर मान आणि खांदा यांच्यामधलं अंतर ताणलं जातं. त्यासोबत नसाही ताणल्या जातात. कधी नुसता ताण बसतो, कधी आतले धागे तुटतात, तर कधी नस मुळापासूनच उपटली जाते. जगभरच्या आकडेवारीनुसार दर हजार जन्मांमागे साधारण एक ते दोन बाळांना ही इजा होते. बाळ चार किलोच्या वर असणं, आईला गरोदरपणातला मधुमेह असणं, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावावा लागणं ही मुख्य कारणं. पायाळू बाळाचे हात वा डोकं काढतानाही असं होऊ शकतं. सिझेरियननं धोका कमी होतो, पण शून्य होत नाही. म्हणून प्रत्येक वेळी कुणाची तरी चूकच झाली असं समजू नका. खांदा अडकतो तेव्हा बाळाला वाचवायला हातात मोजकी मिनिटंच असतात.

बहुतेक वेळा वरच्या दोन नसा दुखावतात. मग हात शरीराला चिकटून पडतो, आत वळतो, कोपर सरळ राहतं आणि तळवा मागे फिरतो. पाठीमागे हात करून गुपचूप बक्षिसी घेणाऱ्या वेटरसारखी ही ठेवण असते, आणि इंग्रजी पुस्तकांत तिचं नावही तसंच आहे.

एका राजपुत्राचा हात

अडलेलं बाळंतपण आपल्याकडे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सुश्रुतसंहितेत मूढगर्भावर स्वतंत्र विवेचन आहे. खांद्याभोवतालचे स्नायू सुकणं आणि हात आखडणं यांसाठी अंसशोष आणि अवबाहुक हे शब्द आयुर्वेदात वातव्याधींमध्ये येतात. पण हे विकार नवजात बाळाचे म्हणून सांगितलेले नाहीत. अडलेलं बाळंतपण आणि बाळाचा लुळा हात यांची सांगड घातली ती अठराव्या शतकात विल्यम स्मेली या ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञानं. जन्मतःच दोन्ही हात लुळे असलेल्या एका बाळाची नोंद त्यानं केली. ते बाळ काही दिवसांत बरं झालं.

सगळ्या जगाला दिसलेला असा हात मात्र एका राजपुत्राचा होता. २७ जानेवारी १८५९ रोजी बर्लिनमध्ये इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाच्या मुलीला पहिला मुलगा झाला. हाच पुढे जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म झाला. बाळ पायाळू होतं. प्रसूती फार अवघड झाली आणि सुरुवातीला बाळ निपचित होतं. सगळ्यांचं लक्ष आई आणि बाळाचा श्वास यांकडे होतं. डावा हात हलत नाही हे नंतर ध्यानात आलं.

त्या हातावर काय काय उपाय झाले! नुकत्याच मारलेल्या सशाच्या शरीरात हात ठेवून त्याची ऊब आणि ताकद हातात यावी, असा उपचार झाला. विजेचे झटके दिले. यंत्रं लावून मान आणि हात ताणले. चांगला उजवा हात बांधून ठेवला, म्हणजे मूल डावा वापरेल. यातला हा शेवटचा उपाय आज फिजिओथेरपीत वेगळ्या, सौम्य आणि खेळकर रूपात वापरला जातो, ही गंमत आहे. बाकीच्या उपायांनी त्या मुलाला यातनाच झाल्या. मोठेपणी त्याचा डावा हात उजव्यापेक्षा सुमारे १५ सेंमी आखूड होता. त्याचे फोटो पाहिले तर डावा हात तलवारीच्या मुठीवर तरी असतो किंवा त्यात हातमोजे तरी धरलेले असतात. म्हणजे बोटं वस्तू धरू शकत होती, पण हात वाढला नव्हता.

आमच्या मुकादमांचा आणि या बादशहाचा प्रश्न एकच होता. फरक इतकाच की बादशहाचं आखूडपण चित्रकार आणि छायाचित्रकार झाकत होते. मुकादमांना ते पूर्ण बाह्यांच्या सदऱ्यात स्वतःच झाकावं लागलं.

नस सापडली

राजपुत्र तेरा वर्षांचा झाला तेव्हा, १८७२ साली, पॅरिसचे डॉ. दुशेन यांनी त्यांच्या वीजोपचारावरच्या ग्रंथात चार बाळांचं वर्णन केलं. चौघांचाही खांदा आणि दंड लुळा होता. बाळंतपणात ओढल्यामुळे हे झालं असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. दोन वर्षांनी, १८७४ मध्ये, जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या डॉ. एर्ब यांनी मोठ्या माणसांतही असाच लकवा दाखवला. गळपट्टीच्या हाडाच्या वर एका ठरावीक जागी विजेचा स्पर्श केला, की नेमके हेच स्नायू एकदम आकसतात, असं त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे इजा स्नायूत नसून त्या जागेतून जाणाऱ्या वरच्या दोन नसांत आहे. म्हणूनच आजही या आजाराला एर्ब्स पाल्सी म्हणतात.

खालच्या नसांची इजा, जिच्यात पंजा आणि बोटं लुळी पडतात, ती १८८५ साली ऑगस्टा क्लुम्पके या तरुणीनं समजावून सांगितली. ती पॅरिसमध्ये शिकत होती. त्या काळी तिथल्या रुग्णालयांत बाईनं निवासी डॉक्टर व्हावं यालाच विरोध होता. पुढच्याच वर्षी, १८८६ मध्ये, आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं आणि ते काही दिवसांतच गेलं होतं. नुकतंच जन्मलेलं मूल वाचवणं हा त्यांच्यासाठी पुस्तकी विषय नव्हता. दुर्दैवानं १८८७ मध्ये त्या गेल्या आणि ते ज्ञान घेऊन इथं काम करायचं राहूनच गेलं.

इथवर डॉक्टरांना एक गोष्ट पक्की कळली होती की दोष नसेत आहे. त्यापुढची समजूत अशी की नस सुधारली तर हात सुधारेल, आणि नाही सुधारली तर नाही. स्नायू म्हणजे नसेचा हुकूम ऐकणारा गडी. त्याच्याकडे वेगळं पाहायची गरज कुणाला वाटली नाही.

शिवायचं की थांबायचं?

१९०३ साली ग्लासगोचे सर्जन रॉबर्ट केनेडी यांनी अशा मुलांच्या मानेतली फाटलेली नस शिवल्याचं प्रसिद्ध केलं. अमेरिकेतही काही सर्जननी हे करून पाहिलं. पण तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रिया नव्हती, बारीक धागे नव्हते, लहान बाळाला सुरक्षित भूल देणंही अवघड होतं. १९२५ मध्ये बॉस्टनचे डॉ. सेव्हर यांनी तब्बल ११०० मुलांचा अनुभव मांडला आणि नस शिवण्याचा फायदा दिसत नाही, असा निष्कर्ष काढला. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं बहुतेक डॉक्टर आईबापांना एकच वाक्य सांगत राहिले : "थांबा, आपोआप बरं होईल."

काही डॉक्टरांची नजर मात्र स्नायू आणि सांध्याकडे वळली होती. लंडनचे फेअरबँक यांनी १९१३ मध्येच लिहिलं होतं की या बाळांचा खांदा हळूहळू मागे सरकतो, निखळतो. हात आत ओढणारे पुढचे स्नायू आखडतात आणि चेंडूसारखं हाडाचं डोकं खोबणीतून मागे ढकललं जातं. सेव्हर यांनी ते आखडलेले स्नायू सैल करायची शस्त्रक्रिया सुचवली. १९३४ मध्ये न्यूयॉर्कचे लेपिस्कोपो यांनी आत ओढणाऱ्या स्नायूचं टोक दुसरीकडे जोडून त्याच्याकडून हात बाहेर वळवून घ्यायची युक्ती काढली. या शस्त्रक्रिया सुधारलेल्या रूपात आजही होतात.

१९७० आणि ८० च्या दशकांत चित्र पालटलं. सूक्ष्मदर्शकाखाली नसा जोडता येऊ लागल्या. पॅरिसमध्ये ॲलन जिल्बेर आणि त्यांचे सहकारी तासँ यांनी शेकडो मुलांकडे पाहून एक साधी खूण सांगितली : कोपर वाकवणारा दंडाचा स्नायू, म्हणजे बायसेप्स, तीन महिन्यांतही जागा झाला नाही, तर हात आपसूक चांगला सुधारण्याची शक्यता कमी. अशा बाळात नस जोडण्याचा विचार करावा. काही केंद्रं आणखी काही महिने वाट पाहतात. पण तीन महिने हा मैलाचा दगड तेव्हापासून कायम आहे.

"आपोआप बरं होईल" या वाक्याचीही पुढे तपासणी झाली. २००४ मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी तोवरचे सगळे अभ्यास चाळले. दहातली नऊ मुलं पूर्ण बरी होतात, या जुन्या समजुतीला भक्कम आधार नव्हता. साधारण २० ते ३० टक्के मुलांत काही ना काही उणीव कायम राहते, असं त्यांना दिसलं. म्हणजे बहुतेक मुलं बरी होतात हे खरंच आहे. पण जी होत नाहीत, ती आपल्याला वाटत होती त्याच्या दुप्पट-तिप्पट आहेत.

आपल्याकडे तो पोलिओच ठरला

महाराष्ट्रात या मुलांचा इतिहास पोलिओच्या सावलीत वाढला. मुंबईत फातिमा इस्माईल यांनी, स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यावर, १९४७ मध्ये अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था उभी केली. १९५३ मध्ये केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपी शाळा सुरू झाली. १९५५ मध्ये मुंबईत अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आली. हे सगळं मुख्यतः पोलिओच्या निकडीतून आलं, पण त्याचा फायदा प्रत्येक लुळ्या हाताला झाला. स्नायू ताणायचा कसा, पट्टी कधी बांधायची, सांधा आखडू द्यायचा नाही, हे ज्ञान तिथं तयार झालं.

तोटाही झाला. गावात कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय बारीक दिसला, की तो पोलिओ ठरायचा आणि पोलिओला औषध नाही हे सगळ्यांना माहीत. म्हणजे पुढे काही करायचं नाही. आमचे मुकादम त्यातलेच. खरं तर फरक सोपा आहे. पोलिओत आधी चांगलं हलणारं मूल ताप येऊन लुळं पडतं. जन्माच्या इजेत हात पहिल्या दिवसापासून पडलेला असतो.

१९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली निम्म्याहून कमी बाळंतपणं रुग्णालयात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण सुमारे ९५ टक्क्यांवर गेलं. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. आता मुंबई-पुण्यात या नसांची सूक्ष्म शस्त्रक्रिया करणारे निष्णात सर्जन आहेत. मुंबईचे डॉ. मुकुंद थत्ते आणि डॉ. रुजुता मेहता यांनी २०११ मध्ये भारतीय प्लास्टिक सर्जरीच्या नियतकालिकात या आजारावर सविस्तर लेख लिहिला. म्हणजे आज इलाज देशात आहे, राज्यात आहे. बाळ वेळेवर तिथवर पोचत नाही, ही अडचण आहे.

कोपराचं कोडं

आता मुकादमांच्या प्रश्नाकडे येऊ. हात हलतो, मग सरळ का होत नाही?

जुनं उत्तर असं होतं : एका बाजूचे स्नायू कमजोर, दुसऱ्या बाजूचे बळकट. रस्सीखेचीत बळकट बाजू जिंकते आणि सांधा तिकडे ओढला जातो. खांद्याच्या बाबतीत हे पटतं. हात बाहेर वळवणारे स्नायू कमजोर, म्हणून तो आत वळून राहतो.

पण कोपर पाहा. वरच्या नसा दुखावल्या तर कोपर वाकवणारा स्नायू कमजोर होतो. सरळ करणारा, मागचा ट्रायसेप्स, बहुधा चांगला असतो. रस्सीखेचीच्या हिशेबानं कोपर सरळ राहून आखडायला हवं. प्रत्यक्षात ते वाकून आखडतं! २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत जवळपास निम्म्या मुलांत कोपर असं वाकून राहिलेलं दिसलं, आणि तेही बहुधा पाच वर्षांच्या आसपास, म्हणजे घरच्यांनी "आता बरं झालं" म्हणून तपासणी बंद केल्यावर. कमजोर गडी रस्सीखेच जिंकला कसा?

अमेरिकेत सिनसिनाटीचे हाताचे सर्जन रॉजर कॉर्नवॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कोडं उंदराच्या नवजात पिल्लांवर सोडवायला घेतलं. कोपर वाकवणाऱ्या स्नायूची नस तोडली, तर महिन्याभरात पिल्लाचं कोपर वाकून आखडलं. उलट नसा शाबूत ठेवून फक्त मागचा ट्रायसेप्स निकामी केला, म्हणजे रस्सीखेच पूर्ण एकतर्फी केली, तरी कोपर आखडलं नाही. याचा अर्थ, आखडण्याचं मुख्य कारण रस्सीखेच नाही. नस गेलेला स्नायूच लांबीला वाढत नाही, हे कारण.

स्नायूचा धागा अगदी लहान कड्यांच्या साखळीसारखा असतो. एक कडी मिलीमीटरच्या साधारण चारशेव्या भागाएवढी. बाळ जन्मतः सुमारे ५० सेंमी लांब असतं आणि वर्षभरात ७५ सेंमीच्या घरात जातं. हाडं वाढतात तसा स्नायूही टोकाला नव्या कड्या जोडत लांब होतो. हे काम व्हायला नसेचा संपर्क लागतो. नस तुटली की मोठ्या माणसाचा स्नायू बारीक होतो. लहान बाळाचा स्नायू बारीक तर होतोच, शिवाय नव्या कड्याही जोडत नाही. हाड वाढत जातं, साखळी अपुरी पडते, असलेल्या कड्या ताणल्या जातात. शेवटी लहान झालेल्या सदऱ्याची बाही जशी हात सरळ करू देत नाही, तसा स्नायू कोपर सरळ होऊ देत नाही. पुढे त्यात चरबी आणि चिवट धागे भरतात आणि तो आणखी कडक होतो.

यात आणखी एक गुंता आहे. नस पुन्हा वाढते ती रोज साधारण एक मिलीमीटर. वाटेत काही धागे चुकीच्या स्नायूत शिरतात, टेलिफोनची तार शेजारच्या घरी जोडली जावी तसे. मग कोपर वाकवायला जावं तर वाकवणारा आणि सरळ करणारा असे दोन्ही स्नायू एकदम आवळतात. ताकद असूनही हालचाल होत नाही. अशा वेळी काही मुलांत बोटॉक्सचं इंजेक्शन देऊन चुकीच्या वेळी आवळणारा स्नायू काही महिने शांत ठेवतात आणि त्या काळात व्यायामानं योग्य हालचाल शिकवतात.

२०१९ मध्ये याच गटानं कर्करोगाचं एक औषध देऊन उंदरांच्या पिल्लांत हे आखडणं बरंचसं टाळून दाखवलं. पण ते औषध विषारी आहे आणि बाळांसाठी नाही. मात्र इतकं सिद्ध झालं की आखडणं ही अटळ गोष्ट नाही. त्यावर कधीतरी औषध निघू शकतं.

हे कळून आपण काय करायचं?

आजचं ज्ञान तीन गोष्टी सांगते. पहिली, स्नायूला नसेशिवाय फार काळ तग धरता येत नाही. साधारण दीड-दोन वर्षांनंतर नस पोचली तरी तो नीट जागा होत नाही, म्हणून सुरुवातीचे महिने सोन्यासारखे. दुसरी, नस सुधारली तरी स्नायूची वाढ मागे राहिलेली असू शकते. तिसरी, धोका मूल वाढत असेपर्यंत टिकतो.

पहिल्या दिवशी : बाळ रडताना दोन्ही हात सारखे हलतात का, दचकल्यावर दोन्ही हात सारखे उघडतात का, ते पाहा. एक हात पडून असेल तर घरी जाण्याआधी डॉक्टरांना दाखवा आणि कागदावर लिहून घ्या. कधी गळपट्टीचं किंवा दंडाचं हाड मोडलेलं असतं, त्यासाठी एक्स-रे लागू शकतो.

पहिले काही आठवडे : हाताला जपा. काखेत धरून किंवा हात ओढून उचलू नका. अंगडं घालताना आधी दुखरा हात घाला, काढताना तो शेवटी काढा. मालीश करणाऱ्या बाईंना स्पष्ट सांगा की हा हात ओढायचा, मोडायचा, फिरवायचा नाही. नस बसवतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका, डाग तर मुळीच देऊ नका. नस अशी बसत नसते.

त्यानंतर, फिजिओथेरपिस्ट दाखवतील तसं : प्रत्येक वेळी लंगोट बदलताना हलक्या हातानं व्यायाम करा. सर्वांत महत्त्वाचा म्हणजे बाळाचं कोपर कुशीला टेकवून, काटकोनात वाकवून, पंजा हळूच बाहेरच्या बाजूला नेणं. त्यामुळे आत ओढणारा स्नायू ताणलेला राहतो. व्यायामानं नव्या कड्या किती वाढतात यावर संशोधन चालू आहे, पण सांधा मोकळा ठेवायला याहून चांगला उपाय आज नाही. बाळाला त्या हातात खेळणी द्या, पोटावर खेळू द्या, रांगू द्या.

एक महिना : हात पूर्ण सुधारला नसेल, तर बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानं अशा मुलांची सवय असलेल्या केंद्रात दाखवा. आपल्या जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगीला, शिवाय नागपूरला वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथून गरजेप्रमाणे पुढची चिठ्ठी मिळते.

तीन महिने : बाळ कोपर वाकवून हात तोंडाकडे नेत नसेल, तर नसांच्या सर्जनचं मत घ्यायलाच हवं. पंजाही लुळा असेल आणि त्या बाजूची पापणी जरा मिटलेली दिसत असेल, तर इजा मोठी आहे. अशा वेळी तीन महिने थांबू नका, लगेच दाखवा.

पहिलं वर्ष आणि पुढे : खांदा मागे सरकतोय का, हे सोनोग्राफीत कळतं. काही बाळांत तो पहिल्या वर्षातच सरकतो. पुढे वाढ पूर्ण होईपर्यंत दरवर्षी कोपर आणि खांदा मोजून घ्या. शाळेत जाणारं मूल चांगलं लिहितंय, खेळतंय, तरीही.

गरोदर भगिनींसाठी एक फिजिशियन म्हणून माझी विनंती : गरोदरपणात साखरेची तपासणी चुकवू नका. वाढलेली साखर बाळाला मोठं करते आणि मोठ्या बाळाचा खांदा अडकतो. आधीच्या बाळंतपणात खांदा अडकला असेल, तर ते या वेळच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणि आशाताईंसाठी दोन शब्द. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या बायांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. बालमृत्यू किती घटले हे त्यांनी १९९९ मध्ये जगापुढे मांडलं. पुढे त्या धर्तीवर देशभर आशाताई पहिल्या ४२ दिवसांत बाळाला घरी भेटू लागल्या. ताई, वजन आणि तापमान घेताना बाळाचं अंगडं काढून दोन्ही हात हलताना एकदा पाहा. या बाळासाठी वेळेवर चिठ्ठी मिळण्याची सर्वांत चांगली संधी तुमच्याच हातात आहे.

आमच्या मुकादमांचा हात आता सरळ होणार नाही, हे मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं. त्यांना त्याचं फारसं दुःख वाटलं नाही. "पन्नास वर्सं याच हातानं गाठी उचलल्या जी," म्हणाले. पण पुढच्या वेळी ते सुनेला सोबत घेऊन आले. सहावा महिना होता. साखर तपासायची राहिली होती. ती त्याच दिवशी तपासली.